इंटर्नला पुरावा शोधायला कसं शिकवावं: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शिक्षकांसाठी

एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपचे १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात, आणि त्यातला मोठा भाग ग्रामीण किंवा शहरी आरोग्य केंद्रावर जातो. इंटर्न ओपीडीत बसतो, केसपेपर लिहितो, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर जातो. शंका त्याला रोज पडतात. उत्तर मात्र बहुतेक वेळा सिनिअरने सांगितलेलं, कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या पत्रकातलं किंवा गुगलवर सगळ्यात वर आलेलं असतं. ही सवय मोडून संशोधनातला पुरावा शोधायला इथेच शिकवता येतं, कारण समोर खरा रुग्ण असतो आणि मिळालेलं उत्तर दुसऱ्याच दिवशी वापरून बघता येतं.

त्यासाठी लागतं फार थोडं: आठवड्यातून एक तास, एक लॅपटॉप, एक वही आणि चार ते सहा इंटर्न. सहापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन गट करा, नाहीतर एकजण टाइप करतो आणि बाकीचे बघत बसतात.

आधी वही

ओपीडीच्या टेबलावर शंभर पानी वही ठेवा. शंका आली की इंटर्नने तिथल्या तिथे एक ओळ लिहायची: तारीख, रुग्णाचं वय आणि शंका. रुग्णाचं नाव किंवा केसपेपर नंबर लिहायचा नाही. संध्याकाळी आठवून लिहू म्हटलं तर निम्म्या शंका जातात आणि उरलेल्या पुस्तकी भाषेत उतरतात.

आठवड्याच्या तासाला वही उघडून एकच प्रश्न निवडा. निवडताना तीन गोष्टी बघा. तो आपल्याकडे वारंवार येतो का? उत्तर मिळालं तर उपचार बदलेल का? आणि तो बदल आपल्या केंद्रात करता येण्यासारखा आहे का? तिसरा मुद्दा विसरला जातो. ज्या औषधाचा पुरवठाच होत नाही त्याच्यावर तासभर वाचन केलं की इंटर्नची खात्री पटते, पुरावा ही मोठ्या हॉस्पिटलांची गोष्ट आहे.

प्रश्नाची जात ओळखा

वहीतले निम्म्याहून अधिक प्रश्न साध्या माहितीचे निघतात. 'घोणस चावलेल्याला एएसव्ही (सर्पविषावरचं प्रतिविष) किती द्यायचं?' हा तसा प्रश्न. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवात १० वायलने होते, आणि हे भिंतीवर लिहिलेलं हवं. रुग्ण टेबलावर असताना कुणी पबमेड (वैद्यकीय लेखांची मोफत ऑनलाइन सूची) उघडायचं नसतं. अशा प्रश्नांसाठी तीन साधनं आधीच डाउनलोड करून ठेवा.

पहिलं, आयसीएमआरचे (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो. एका आजाराला एक पान. कोणत्या पातळीवर काय करायचं आणि रेफर केव्हा करायचं, ते त्यात सरळ दिलेलं असतं. प्रिंट काढून ओपीडीत लावा. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ सालचं 'अवेअर' अँटिबायोटिक पुस्तक. ते मोफत आहे. घसादुखी, सायनस, ब्राँकायटिस अशा नेहमीच्या संसर्गांत अँटिबायोटिक मुळात लागतं का, लागलं तर कोणतं, किती आणि किती दिवस, हे त्यात आहे. 'अँटिबायोटिक नको' हा सल्लाही त्यात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि इंटर्नला तोच दाखवणं सगळ्यात उपयोगी पडतं. तिसरं, २०२२ ची राष्ट्रीय आवश्यक औषधसूची.

दुसऱ्या जातीचा प्रश्न निर्णयाचा असतो. उदाहरणार्थ: '९ महिन्यांच्या बाळाला जुलाब आहेत. झिंकची गोळी दिली की ते उलटी करतं, म्हणून आई दुसऱ्या दिवशी गोळी बंद करते. कमी डोस चालेल का?' असा प्रश्न मिळाला की तास सार्थकी लागतो. पुढची सगळी पद्धत याच प्रश्नावर दाखवली आहे.

प्रश्न चार ओळींत मांडा

याला पिको म्हणतात. फळ्यावर चार ओळी काढा:

रुग्ण: ६ महिने ते ५ वर्षांचं मूल, तीव्र जुलाब.
उपाय: झिंक रोज ५ किंवा १० मिग्रॅ.
तुलना: झिंक रोज २० मिग्रॅ.
परिणाम: जुलाब किती दिवस टिकतो, उलटी किती जणांना होते.

मुलं चौथ्या ओळीत अडखळतात. कुणी ती रिकामी सोडतं, कुणी 'रक्तातलं झिंकचं प्रमाण' लिहितं. तेव्हा विचारा: आईला याने काय फरक पडतो? रक्तातला आकडा आईला दिसत नाही, जुलाब आणि उलटी दिसते. परिणाम आईच्या बाजूने लिहिला की शोधही नेमका होतो. या चार ओळींना दहा मिनिटं द्या. घाईत लिहिलेला प्रश्न पुढे अर्धा तास खातो.

कुठे शोधायचं आणि कोणत्या क्रमाने

वरून खाली यायचं. आधी राष्ट्रीय आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना, मग कॉक्रेन लायब्ररीतला पद्धतशीर आढावा, आणि त्यानंतरच सुट्या ट्रायल (रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या चाचण्या). एका आढाव्यात डझनावारी ट्रायल आधीच चाळलेल्या असतात. इंटर्नने त्या स्वतः एकेक करून वाचायच्या ठरवल्या तर तास संपतो आणि हाती एका ट्रायलचा सारांश राहतो. पण वरच्या पायरीवर थांबायचं नाही, कारण आढाव्याची शोधतारीख जुनी असू शकते. त्या तारखेनंतर मोठी ट्रायल झाली आहे का, हे पबमेडमध्ये बघणं हा शेवटचा टप्पा. शोधाला एकूण १५ ते २० मिनिटं. घड्याळ लावा.

कॉक्रेनच्या आढाव्याचा सारांश आणि साध्या भाषेतला गोषवारा मोफत असतो. प्रकाशनानंतर १२ महिन्यांनी आढाव्याचा पूर्ण मजकूरही खुला होतो. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर ट्रिप डेटाबेस उघडा. त्यात निकाल पुराव्याच्या प्रकारानुसार रंगांनी वेगळे दिसतात, आणि मोफत आवृत्ती कामापुरती पुरते. ब्रिटनमधल्या नाइस या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचना इथून वाचता येतात, पण त्यांचे प्राथमिक उपचारासाठीचे क्लिनिकल नॉलेज समरीज ब्रिटनबाहेर उघडत नाहीत. जुन्या शिक्षणसाहित्यात ती लिंक हमखास असते. ती यादीतून काढून टाका, म्हणजे 'नेट चालत नाही' म्हणून दहा मिनिटं जाणार नाहीत.

पूर्ण लेख मिळण्याचे मार्ग: पबमेडमध्ये 'फ्री फुल टेक्स्ट'चा फिल्टर, पबमेड सेंट्रल, आणि इंटर्नच्या सरकारी कॉलेजचं लॉगिन. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं उघडली आहेत. ही सोय संस्थेमार्फत मिळते. म्हणून केंद्रावर येण्याआधी इंटर्नने कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बाहेरून लॉगिन कसं करायचं ते विचारून घ्यावं. फ्री फुल टेक्स्टचा फिल्टर मात्र सगळ्यात शेवटी लावा. सुरुवातीलाच लावला तर जो लेख सगळ्यात महत्त्वाचा, तोच यादीतून गळू शकतो. पूर्ण मजकूर नसला तरी सारांशावरून निम्मं काम होतं.

पबमेडमध्ये हात बसवताना

पिकोतले सगळे शब्द शोधाच्या चौकटीत कोंबायचे नाहीत. दोन-तीन पुरतात: झिंक, डायरिया आणि चाइल्ड, अर्थात इंग्रजी लिपीत. पबमेड हे शब्द आपणहून विषयसूचीतल्या अधिकृत संज्ञांशी जोडतं, त्यामुळे डायरियाचं ब्रिटिश स्पेलिंग लिहिलं की अमेरिकन, याची चिंता नको. शब्द अवतरणचिन्हांत घातला किंवा शेवटी तारांकन लावलं की ही जोडणी बंद होते, आणि निकाल एकदम घटतात. इंटर्न अवतरणचिन्हं सवयीने लावतात. 'काहीच सापडत नाही' असं कुणी म्हणालं की आधी तीच बघा.

शब्दांना जोडणारे अँड आणि ऑर मोठ्या अक्षरांत लिहायचे. निकाल आल्यावर डावीकडे लेखाच्या प्रकारात 'सिस्टेमॅटिक रिव्ह्यू' निवडा. तो फिल्टर काढून मग 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' निवडा. एकदा लावलेला फिल्टर पुढच्या शोधातही तसाच राहतो. नवीन प्रश्न घेताना तो काढायला विसरलं की मागच्या प्रश्नाचं गाळण नव्या प्रश्नाला लागतं, आणि ही चूक शिक्षकांच्याही हातून होते. दुसरा रस्ता पबमेडमधल्याच क्लिनिकल क्वेरीजचा: तिथे थेरपी किंवा डायग्नोसिस निवडायचं, आणि व्याप्ती 'नॅरो' ठेवायची. वेळ कमी असेल तर हाच रस्ता घ्या.

नावं बदलतात, हेही शिकवा. कोकणात विंचूदंशाचा प्रश्न येणारच. लाल विंचवाचं शास्त्रीय नाव जुन्या लेखांत मेसोब्युथस टॅम्युलस आहे, नव्यांत हॉटेनटोटा टॅम्युलस. एकाच नावाने शोधलं तर अर्धं साहित्य हुकतं. दोन्ही नावं ऑरने जोडायची.

वाचायचं कसं

झिंकच्या शोधात कॉक्रेनचा २०१६ सालचा आढावा मिळतो: ३३ ट्रायल, १०,८४१ मुलं. इंटर्नला आधी निष्कर्षांचा तक्ता उघडायला लावा. प्रस्तावना आणि चर्चा नंतर. ६ महिन्यांवरच्या मुलांत झिंकने जुलाबाचा काळ सरासरी साडेअकरा तासांनी कमी झाला, आणि ९५ टक्के विश्वासाची मर्यादा (खरा फरक बहुधा ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असतो तो पट्टा) साधारण ३ ते २० तास. ही मर्यादा फळ्यावर रेघ काढून दाखवा. एका टोकाला फायदा नगण्य आहे, दुसऱ्या टोकाला जवळजवळ एक दिवसाचा. या आकड्यापुढे 'कमी खात्री' असं लिहिलेलं आहे. कुपोषणाची लक्षणं असलेल्या मुलांत फरक सुमारे २६ तासांचा होता आणि खात्री उच्च होती. पालघर, मेळघाट, नंदुरबारच्या केंद्रांवर शिकवणाऱ्यांनी ही ओळ सोडू नये. त्यांच्या ओपीडीतलं मूल या ओळीतलं आहे.

याच आढाव्यात दोन अडचणीच्या गोष्टी आहेत. झिंकने उलटीचं प्रमाण वाढतं, सुमारे दीडपट. आणि ६ महिन्यांखालच्या बाळांत जुलाबाच्या काळावर फायदा दिसला नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र २ ते ६ महिन्यांच्या बाळालाही १० मिग्रॅ दिलं जातं. इंटर्नला हा विरोध दिसू द्या. तो झाकला तर मुलं एकतर मार्गदर्शक सूचना पाठ करतात किंवा सारंच खोटं ठरवतात. सूचना तयार होताना पुराव्यासोबत वयाची सोपी विभागणी, पुरवठा, आशाताईंना लक्षात राहील असा नियम, असे बरेच विचार असतात. लहान बाळांत पुरावा कमकुवत आहे हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं कार्डावर शेजारी शेजारी लिहायची.

आता डोसचा प्रश्न. आढाव्यानंतरची ट्रायल २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. भारत आणि टांझानिया, ६ महिने ते ५ वर्षं वयाची ४,५०० मुलं, रोज २०, १० किंवा ५ मिग्रॅ. जुलाब ५ दिवसांपेक्षा जास्त टिकलेली मुलं अनुक्रमे ६.५, ७.७ आणि ७.२ टक्के. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झालेली १९.३, १५.६ आणि १३.७ टक्के.

इथे दोन गोष्टी हाताने करून घ्या. पहिली, ट्रायलचा हेतू. कमी डोस जास्त चांगला आहे, असं संशोधकांना सिद्ध करायचं नव्हतं. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाईट नाही, एवढंच दाखवायचं होतं. जुलाब ५ दिवसांपेक्षा जास्त टिकलेल्या मुलांच्या टक्केवारीत ही मर्यादा होती ४ टक्के बिंदूंची. २० मिग्रॅच्या तुलनेत फरकाच्या विश्वासाच्या पट्ट्याचं वरचं टोक १० मिग्रॅला ३.३ आणि ५ मिग्रॅला २.८ आलं, म्हणजे दोन्ही डोस मर्यादेत बसले. मर्यादा ४ च का, हा प्रश्न इंटर्नने विचारला तर त्याला शाबासकी द्या आणि ट्रायलच्या पद्धतीच्या विभागात उत्तर शोधायला सांगा.

दुसरी, गणित. १९.३ मधून १३.७ वजा केले की ५.६. १०० ला ५.६ ने भागलं की साधारण १८. म्हणजे १८ मुलांना २० ऐवजी ५ मिग्रॅ दिलं तर एका मुलाची उलटी टळते. 'उलटी २९ टक्क्यांनी घटली' हेही त्याच आकड्यांतून निघतं आणि कितीतरी मोठं वाटतं. जाहिरातीच्या पत्रकात नेहमी दुसऱ्या जातीचा आकडा का असतो, ते मुलांना इथे कळतं. कॅल्क्युलेटर नको, कागदावर भागाकार करू दे.

आपल्या केंद्रात काय करायचं

शोध बरोबर झाला तरी इथे तास फसू शकतो. 'उद्यापासून ५ मिग्रॅ देऊ' असं इंटर्न उत्साहात म्हणतो. कपाटात काय आहे ते आधी बघू: २० मिग्रॅची पाण्यात विरघळणारी गोळी. तिचे चार समान तुकडे घरी कोण करणार? कार्यक्रमाचा डोस ६ महिन्यांपुढे २० मिग्रॅ, १४ दिवस आहे. एका ट्रायलवरून केंद्रापुरता डोस बदलला तर आशाताई एक सांगणार आणि ओपीडी दुसरं. म्हणून आजच्या घडीला निर्णय असा निघतो: डोस कार्यक्रमाचाच ठेवायचा, उलटी होऊ शकते, ती घातक नाही, गोळी बंद करू नका, हे आईला आधीच सांगायचं, ओआरएस चालूच ठेवायचं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वात नव्या सूचनेत डोस किती आहे ते इंटर्नने स्वतः उघडून, पाहिल्याच्या तारखेसह कार्डावर नोंदवायचं. कार्यक्रमाची सूचना बदलली की कार्डही बदलायचं.

पुरावा आपल्या मातीतला असेल तर हा टप्पा सोपा जातो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं पायाभूत काम डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात केलं. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली ट्रायल महाडमधलीच आहे: ७० रुग्ण, निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस (अँटिव्हेनम). १० तासांत पूर्ण बरे झालेले, प्रतिलस मिळालेल्यांत ३५ पैकी ३२ आणि न मिळालेल्यांत ३५ पैकी ८. भागाकार केला तर दोन रुग्णांमागे एकाला जास्तीचा फायदा. इंटर्नला उणीवही शोधू द्या: ट्रायल छोटी आहे, आणि कुणाला काय दिलं ते डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं. तरी रुग्ण आपले, विंचू आपला आणि भागही आपलाच. म्हणून पुढचा प्रश्न थेट कपाटाशी जातो: प्रतिलस साठ्यात आहे का? नसेल तर प्राझोसिन देऊन रेफर करायचं. प्रतिलसेची वाट बघत प्राझोसिन थांबवायचं नाही, कारण या ट्रायलमध्ये ते दोन्ही गटांना दिलेलं होतं.

जिथे हमखास घसरायला होतं

चॅटबॉटला विचारलं की तो नीटनेटकं उत्तर आणि संदर्भ देतो. त्यातले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात. बंदी घालून उपयोग नाही, नियम करा: प्रत्येक संदर्भाचा पीएमआयडी क्रमांक (पबमेडने लेखाला दिलेला ओळख क्रमांक) पबमेडमध्ये टाकायचा आणि शीर्षक, लेखक, वर्ष जुळवायचं. न जुळणारा संदर्भ कार्डावर येणार नाही. पिकोच्या ओळी लिहायला किंवा इंग्रजी समानार्थी शब्द सुचवायला तो वापरला तर हरकत नाही.

मागे घेतलेला लेख ओळखायलाही शिकवा. पबमेडमध्ये अशा लेखाच्या वर ठळक सूचना असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये ती नसते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला लेख २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. दोन आठवड्यांच्या आत. म्हणून कुणी पाठवलेली पीडीएफ वाचण्याआधी तिचं शीर्षक पबमेडमध्ये टाकून बघायचं.

नेटवर्क जाणार हे धरूनच चाला. तासाच्या आदल्या दिवशी शिक्षकाने तोच शोध स्वतः करून तीन-चार पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्याव्यात. नेट चाललं तर मुलं शोधतील, नाही चाललं तर वाचन आणि गणित तरी होईल.

कार्ड आणि पडताळणी

प्रत्येक प्रश्नाचं एकच पान. वर पिकोच्या चार ओळी, मग कुठे शोधलं आणि कोणत्या तारखेला, मुख्य आकडे, पुराव्याची खात्री, आपला निर्णय, आणि पुन्हा केव्हा बघायचं ती तारीख. एका वर्षाची मुदत बहुतेक प्रश्नांना चालते. दुसऱ्या पानावर गेलं तर कापा. ही कार्डं फाइलला लावा, पुढची बॅच येईल तेव्हा मुदत संपलेलं एक कार्ड नव्याने शोधायला द्या. जुनं उत्तर समोर असल्यामुळे नवख्यांना आपली चूक स्वतःच सापडते.

इंटर्न शिकला का, हे बघायला पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात एकच कागद द्या: एका रुग्णाचं चार ओळींचं वर्णन, त्यावरून प्रश्न मांडा, कुठे शोधाल ते क्रमाने लिहा आणि दिलेल्या दोन टक्केवारींवरून किती रुग्णांमागे एकाला फायदा ते काढा. पंधरा मिनिटं पुरतात.

केंद्रात काही बदललं का, हे बघायला महिन्याने जुलाबाचे २० केसपेपर काढा. झिंक लिहिलं आहे का, १४ दिवसांचं लिहिलं आहे का, आणि औषध खिडकीवरून प्रत्यक्षात किती गोळ्या दिल्या, हे तीन रकाने इंटर्नने भरायचे. केसपेपरवर १४ आणि खिडकीवर एकच पट्टी, असं दिसलं तर पुढचा तास फार्मासिस्टला सोबत बसवून घ्या.